हौसेचा दर्या

सहलीला गेलेला माणूस पाण्यात सापडला, की आपल्याकडे पहिला उद्गार निघतो, ‘गेलेच कशाला होते?’ मासे धरायला गेलेल्या कोळ्याविषयी असे कोणी म्हणत नाही. त्याच्यासाठी डोळे भरून येतात. हौशी माणसाचा जीव जणू थोडा स्वस्त! हा न्याय मला कधी पटला नाही. अगदीच खोटा आहे, असेही म्हणवत नाही.

२३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ, हुस्टाडविकाच्या खडकाळ समुद्रात, ‘व्हायकिंग स्काय’ ही सहलीची आगबोट तुफानात सापडली. बोटीवर १,३७३ माणसे. त्यांत ९१५ उतारू, बाकीचे खलाशी आणि नोकरमाणसे. इंजिनात वंगणाचे तेल कमी होते. बोट हेलकावू लागली तसे ते टाकीत हिंदकळू लागले, आणि इंजिने बंद पडली. केवढी ती बोट, आणि अडली कशावर, तर तेलावर! दिवाणखान्यातल्या खुर्च्या या भिंतीवरून त्या भिंतीकडे घसरत होत्या, छताचे तक्ते खाली येत होते. नांगर टाकले, कसेबसे एक इंजिन सुरू झाले, आणि हेलिकॉप्टरमधून दोराने एकेक माणूस वर ओढून घ्यायला सुरुवात झाली. सकाळपर्यंत ४७९ माणसे अशी उचलली.

त्यातच जवळपास ‘हागलंड कॅप्टन’ हे मालवाहू जहाज बंद पडले. त्यावर नऊ खलाशी. काही हेलिकॉप्टरे तिकडे वळली. तेराशे जीव टांगणीला, आणि धाव नवांसाठी! शाळेत गणित शिकवणाऱ्या आम्हा लोकांना हे उत्तर चूक वाटायचे. पण ज्याच्या नाकातोंडात आत्ता पाणी जायचे आहे, त्याची पाळी आधी. तिथे कोण हौसेने आला आणि कोण पोटासाठी, हे दोर सोडणाऱ्याने विचारायचे नसते.

मग विचारायचे कोणी? मला वाटते, तिकीट काढणाऱ्याने, आणि तेही स्वतःलाच. आपण पैसे मोजून लाटांवर जातो, तेव्हा ताटे नेणारा पोऱ्या, इंजिनापाशी राबणारा आणि उद्या कदाचित दोराला लोंबकळणारा, सगळेच आपल्याबरोबर निघालेले असतात. त्यांची नावे तिकिटावर कुठे असतात?

दुसऱ्या दिवशी बोट स्वतःच्या इंजिनांवर मोल्डे बंदराला लागली. नऊ खलाशीही वाचले. उतारू घरोघर गेले असतील. फुटक्यातुटक्याचा पसारा आवरायला मात्र खलाशी आणि पोरे बोटीवरच राहिली असणार.