सरवा आणि स्टँडबाय

विमान धावपट्टीकडे निघालं की त्यातली रिकामी खुर्ची कुणाच्याच उपयोगाची राहत नाही. ती उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. विमान कंपन्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना अशा खुर्च्यांवर फुकट किंवा नाममात्र भाड्यात बसू देतात, त्यामागचा हिशेब एवढाच. अट एक: पैसे भरलेले सगळे बसल्यावर जागा उरली तर. यालाच स्टँडबाय म्हणतात. अमेरिकेत १९८४च्या करकायद्याने या सवलतीला आयकरातून वगळलं आणि कारण मोठं बोलकं दिलं: ही सेवा देताना मालकाला म्हणण्यासारखा जादा खर्च येत नाही आणि त्याचं उत्पन्नही बुडत नाही. कायद्याच्या या कोरड्या व्याख्येतून एक जुना धर्मप्रश्न डोकं वर काढतो. देणाऱ्याचं काहीच जात नसेल तर त्याला दान म्हणायचं का, आणि घेणाऱ्याने त्याचे उपकार मानायचे का?

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात युधिष्ठिराचा यज्ञ आटोपल्यावर अर्धं अंग सोन्याचं झालेलं एक मुंगूस येतं आणि भर सभेत सांगतं, की कुरुक्षेत्रातल्या एका ब्राह्मणाच्या मूठभर सातूची सर या यज्ञाला नाही. दुष्काळात सांडलेले दाणे वेचून जगणारं ते चौघांचं घर. पाहुणा आला तेव्हा एकेकाने आपला वाटा त्याच्यापुढे ठेवला. तिथे माप घेणाऱ्याला किती मिळालं याचं नाही, देणाऱ्याचं किती गेलं याचं आहे. या मापाने रिकाम्या खुर्चीचं पुण्य शून्य भरतं. तरी कंपन्या त्या बदल्यात अदब मागतात. मार्च २०१७मध्ये डेन्व्हरहून मिनिआपोलिसला निघालेल्या दोन किशोरवयीन मुलींना युनायटेड एअरलाइन्सने लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात चढू दिलं नाही. त्या कर्मचाऱ्याच्या सवलतीच्या पासवर होत्या, आणि पासवाल्यांसाठी पोशाखाचे वेगळे नियम होते. तिकीट काढलेल्यांना तोच कपडा चालत होता. पासवर जाणारा कंपनीचा प्रतिनिधी असतो, ही कंपनीची बाजू. कर्मचाऱ्यापुरती ती पटते. त्याच्या मुलीने मात्र नोकरी धरलेली नाही. जे वायाच जाणार होतं ते देऊन कुणाच्या लेकीच्या कपड्यांवर हक्क सांगणं हा सौदा मला फार स्वस्तातला वाटतो.

मग ही भीक आहे का? तीही नाही. या सवलतीला जवळचा शब्द आपल्या शेतात सापडतो: सरवा. पीक निघाल्यावर रानात पडलेली कणसं वेचणं. मनुस्मृतीच्या न्यायबुद्धीवर भरवसा ठेवावा असं तिच्यात फार थोडं आहे, पण चौथ्या अध्यायात असे दाणे वेचून जगणं आणि मागून खाणं ही दोन तिनेही वेगळी मोजली आणि वेचण्याला वरचं स्थान दिलं. बायबलच्या लेवीय पुस्तकातला नियम याच्या पुढे जातो. शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेलं पुन्हा उचलू नका. ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. म्हणजे उरणं हे मालकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही, काही उरू देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. विमानाची गोष्ट नेमकी इथे फाटते. कंपनी काही उरवत नाही; उरू नये म्हणून जिवाचं रान करते. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या विमानांत चाळीस-पन्नास टक्के जागा मोकळ्या जात. २०२४मध्ये जगभरातल्या ८३.५ टक्के जागा भरल्या होत्या, आणि हे वर्षाचं सरासरी गणित आहे; सुट्यांच्या दिवसांत तर कोपराही उरत नाही. सरवा आटत चालला, पण नोकरभरतीच्या जाहिरातीत 'जगभर मोफत प्रवास' हे आमिष जसंच्या तसं आहे. आपल्या रेल्वे कर्मचाऱ्याचा पास बघा: त्यावर आधी आरक्षण करता येतं, म्हणून तो नोकरीच्या मोबदल्याचा भाग शोभतो. विमानाच्या स्टँडबायवर फक्त वाट पाहता येते. पगार कमी ठेवून त्याची भरपाई म्हणून हे पुढे करणं अप्रामाणिक आहे.

उरलेलं कुणी कुणाला दिलेलंच नसेल, तर न्यायाचा प्रश्न वेचणाऱ्यांच्या आपसातला उरतो. अमेरिकेतल्या विमानतळांवर गेटच्या पडद्यावर आडनावाची तीन अक्षरं आणि नावाचं एक अक्षर अशी यादी झळकते. दार बंद होण्याच्या बेतात एकेका नावापुढे खूण उमटते आणि बाकीचे पुढच्या विमानात किती जागा मोकळ्या आहेत ते बघायला लागतात. ही यादी लावायची कशी? डेल्टा नोकरीला लागल्याची तारीख बघते; अमेरिकन एअरलाइन्स एकाच गटातल्यांत आधी चेक-इन कुणी केलं ते बघते. माझा कौल दुसऱ्या रीतीला. तीस वर्षं राबलेल्या माणसाने कालच्या पोराच्या मागे उभं राहायचं का, हा आक्षेप दुबळा नाही. पण तीस वर्षांचं मोल पगारवाढीत, रजेत आणि निवृत्तिवेतनात चुकतं व्हायला हवं. ज्येष्ठतेने लावलेल्या रांगेत नवखा सामान चढवणारा दर दिवाळी-नाताळला शेवटीच राहतो, आणि सर्वांत कमी पगारही त्याचाच असतो.

कुणी म्हणेल, खर्च नाही हेच खोटं. लांब पल्ल्याच्या विमानात जादा वजन वाहायला दर तासाला त्या वजनाच्या तीन-चार टक्के इंधन लागतं. खरं आहे. माणूस आणि त्याची बॅग मिळून शंभर किलो धरली तर दहा तासांत त्यांच्यापायी तीस-चाळीस किलो इंधन जळतं, आणि फुकट म्हणून केलेल्या प्रवासाचं ते ओझं जगावर पडतंच. त्यामुळे उपकार सिद्ध होत नाहीत. घेणाऱ्याचा हात जरा आखडावा एवढंच होतं. एप्रिल २०१७मध्ये शिकागोत एका प्रवाशाला विमानातून ओढून काढलं, त्याचं खापरही काही जण या सवलतीवर फोडतात. ते चुकीचं आहे. ती जागा दुसऱ्या दिवशीच्या विमानासाठी कामावर निघालेल्या कर्मचाऱ्यांना हवी होती; स्टँडबायवाला कुणाला उठवू शकत नाही.

मला खरी खोच दिसते ती आई-वडिलांच्या बाबतीत. अमेरिकेच्या करकायद्याने विमानप्रवासापुरती खास तरतूद करून कर्मचाऱ्याच्या आई-वडिलांचा प्रवास त्याचाच प्रवास मानला. काही कंपन्यांच्या यादीत मात्र ते त्याच्या, जोडीदाराच्या आणि मुलांच्या मागे येतात. ज्यांना गेटवरच्या खुर्चीत रात्र काढणं सर्वांत जड जातं, त्यांना सरव्यात शेवटचं का उभं करायचं, याचं पटेल असं कारण या कंपन्यांना द्यावं लागेल.