शोकाच्या घरी आलेले हसू

कर्जत व खालापूर तालुक्यांत डोंगरांच्या पायथ्याशी ज्या ठाकुरवाड्या आहेत, त्यांतील एखाद्या घरचा हजरजबाबी म्हातारा वारला म्हणजे एक गोष्ट बहुधा घडते. दोन-चार दिवसांनी माणसे ओटीवर बसलेली असतात. कोणी त्याचे एखादे बोलणे काढतो. लावणीच्या चिखलात उभे असता तो काय म्हणाला, जावयाची फिरकी त्याने कशी घेतली, पडलेल्या दातांविषयी नातवंडांना त्याने कोणती थाप मारली. एकाला हसू फुटते, मग दुसऱ्याला; आणि लागलीच सर्वजण ओशाळून गप्प होतात. जणू काही मृताचा अपराध केला!

प्रिय वाचकहो, हे हसणे खरोखर अपराध आहे काय? प्रश्न दिसतो तितका लहान नाही. कारण त्याच मनुष्याच्या शोकसभेत आपण उभे राहिलो, म्हणजे तो शांत, गंभीर व मितभाषी होता असे सांगतो. ज्याचे तोंड जन्मात मिटले नाही त्यास मितभाषी म्हणणे हा आदर होय, की असत्य? घरचा नातू ते ऐकतो आणि मनात म्हणतो, "हे कोणाविषयी बोलत आहेत?"

यावर कोणी म्हणेल की, बाष्कळ बोलणे व टवाळी ही पवित्र जनांस शोभत नाहीत असे पौलाने इफिसकरांस बजावले आहे. हे खरेच आहे. शेजाऱ्यास दुखवून वर "मी थट्टा केली" म्हणणाऱ्याचाही नीतिसूत्रांत निषेध आहे. परंतु थट्टा आणि टवाळी एक नव्हेत. टवाळखोर दुसऱ्यास खाली पाडून आपण वर उभा राहतो; विनोदी मनुष्य आधी स्वतःवर हसतो आणि मग सर्वांस आपल्या पंगतीस घेतो. टवाळीने माणसे घर सोडून जातात. अशा म्हाताऱ्याच्या ओटीवर मात्र संध्याकाळी माणसे आपण होऊन येत असत. ज्याच्या बोलण्याने भांडलेले भाऊ पुन्हा एका ताटावर बसले, त्याच्या बोलण्यास बाष्कळ म्हणता येणार नाही.

शास्त्राकडेच पाहू. इसहाक या नावाचा अर्थ "तो हसतो" असा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील आकडे मांडून पाहा. इसहाक जन्मला तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा होता. इसहाकास जुळे पुत्र झाले तेव्हा तो ६० वर्षांचा होता. आणि अब्राहाम १७५ वर्षांचा होऊन मरण पावला. म्हणजे आजोबांच्या मरणसमयी याकोब व एसाव १५ वर्षांचे होते. त्या वृद्धास इसहाक व इश्माएल या दोघा पुत्रांनी मिळून मूठमाती दिली. ज्याचे नावच हास्य, त्याच्या हाताने बापाचे दफन झाले. शोक आणि हास्य एका घरात नांदू शकतात, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

आपल्या मराठी मंडळीतील उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरचे आहे. ते ९ मे १९१९ रोजी मुंबईस निवर्तले. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी "स्मृतिचित्रे" लिहिली. ती १९३४ पासून १९३६ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झाली. ज्यांची भजने गावोगाव गाइली जातात, अशा पतीस देव्हाऱ्यात बसविणे बाईंना कठीण नव्हते. त्यांनी तसे केले नाही. टिळकांचा तापट स्वभाव, विसराळूपणा, घरातला पैसा दुसऱ्यास देऊन टाकण्याची उदार खोड, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर झालेली वर्षानुवर्षांची ताटातूट, हे सर्व त्यांनी मांडले. वाचणारा हसतो, आणि हसताहसता त्याचे डोळे भरून येतात. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. राहिलेला भाग पुत्र देवदत्त यांनी पुरा केला, आणि पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या या ग्रंथाचे संपादन केले. दोषांसह व हास्यासह सांगितले, म्हणूनच ते मनुष्य म्हणून आपणांस आजही भेटतात.

तथापि वेळेचे भान हवे. बोरघाटाच्या लोहमार्गावर ठाकुरवाडी नावाचे एक ठिकाण आहे. घाट उतरणाऱ्या गाड्या वाटेत थांबवून ब्रेक नीट लागतात की नाही हे पाहण्याची तेथे पद्धत आहे. नाहीतर ओझ्यानेच गाडी उतारावर सुटेल. शोकाच्या उतारावर प्रेमाने आलेले हसू असेच काम करते. ते शोक नाहीसा करीत नाही, फक्त आवरते. परंतु ते आपण होऊन यावे लागते. रडणाऱ्याला हसविण्याचा अधिकार आपणांस नाही. लाजराच्या कबरेपाशी प्रभूही आधी रडला.

काही दुःखे अशी असतात की, तेथे हसू फार उशिरा येते. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी ही ठाकूर लोकांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले. २३ जुलै रोजी शोध थांबविला तेव्हा ५७ माणसे सापडली नव्हती. काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, परंतु घरची माणसे गमावून बसली. आमचा आजा कसा होता, असे ही मुले कधीतरी विचारतील. तेव्हा "फार चांगला होता" एवढ्या उत्तराने त्यांचे काय समाधान होणार? तो कशाने रागावे, कोणत्या नावाने हाक मारी, कोणते बोलून सर्वांस हसवी, हे सांगणारा कोणीतरी शेजारी वा सोयरा उरला पाहिजे. सांगणाराही एका रात्रीत जाऊ शकतो, हे त्या डोंगराने आपणांस दाखविले आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस विनंती की, शोकाच्या घरी गेल्यावर प्रार्थनेनंतर थोडा वेळ बसावे आणि मुलासुनांस विचारावे, "बाबा काय म्हणत असत?" ते हसले तर त्यांस दटावू नये, रडले तर घाई करू नये. घरात लिहिता येणारे मूल असेल, तर त्याच्या वहीत आजोबांची चार वाक्ये त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावी. ती सुधारून पुस्तकी करू नयेत. आईबापांचा मान राखावा ही आज्ञा त्यांच्या मरणाने संपत नाही. ते जसे होते तसे नातवंडांच्या हाती देणे, हाही त्यांचा मानच होय.