आधी खालून बघा

मीरा-भाईंदरची हवा खाडीची, मिठागरांची. इथे जुन्या गाडीचा पत्रा दर पावसाळ्यात पापुद्रे सोडतो; एक भोक वेल्डिंगने बुजवावं, तर शेजारी दुसरं तयार. म्हणून गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मचं मला भारी अप्रूप. दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसीचं, आणि बॉडी फायबरग्लासची. म्हणजे गंजायची भीती नाही? बॉडीला नाही, बोल्ट, ब्रेकचे पाइप मात्र लोखंडीच. त्यात कारखाना बंद, सुटे भाग दुर्मीळ. अशी जुनी गाडी हाती आली की हौशी माणसाला आधी सुचतो तो लालभडक रंग. सुचू दे. पण गाडी आधी उचलून स्टँडवर घ्या आणि खालचं लोखंड स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं, तर रंगाचं पुढच्या दिवाळीला बघू.