कोर्टाची पायरी चढण्याची मुभा

पुसद, दिग्रस, दारव्हा या भागातल्या बंजारा तांड्यांत नाईक आणि कारभारी यांच्यापुढे भांडण मांडण्याची रीत जुनी आहे. घरातला बेबनाव असो वा उसनवारी, दोन्ही बाजूंची नाती पंचांना ठाऊक असतात. कोर्टात मात्र तारखेमागून तारीख, वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी. म्हणून अशा न्यायाला निव्वळ मागासलेपण म्हणून झटकता येत नाही. शासनानेही ते केलेले नाही. १९८७च्या विधी सेवा कायद्याने लोकअदालतीतल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ दिले. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांची तंटे मिटवण्याची रूढ पद्धत जपली. केळापूर, मारेगाव तालुक्यांतली गावे त्या क्षेत्रात मोडतात. २००७मध्ये राज्याने तंटामुक्त गाव मोहीमही सुरू केली.

मग राज्याचा आक्षेप नेमका कशाला आहे? समेटाला नाही, वाळीत टाकण्याला. १९४९चा मुंबईचा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये दाऊदी बोहरा प्रकरणात रद्द ठरवला. त्यानंतर २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७मध्ये लागू होईपर्यंत अर्धे शतक उलटले. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पंचांनी मध्यस्थी करावी, पण निकाल न मानणाऱ्याचे पाणी आणि रोटीबेटी तोडू नये, ही रेघ योग्य जागी आहे.

धाकच काढला तर पंचांना विचारणार कोण, असे कुणी म्हणेल. पण केवळ धाकाने मानला जाणारा निकाल हा समेट नव्हेच. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: बहिष्काराची धमकी नसली तरी गावासमोर बाईची संमती कितपत खरी? हा दोष जातपंचायतीपुरता नाही, सरकारी तंटामुक्ती समितीतही तो शिरू शकतो. म्हणूनच बलात्कारासारखे गुन्हे पंचांच्या बैठकीत मिटवता कामा नयेत, आणि इतर वादांतही पंचांचा निवाडा नाकारून कोर्टात जाणे परवडले पाहिजे. २००८चा ग्राम न्यायालय कायदा याचसाठी होता. तालुक्याचे कोर्ट जितके जवळचे, स्वस्त आणि लवकर निकाल देणारे, तितके पंचही जपून बोलतील. कारण समोरचा माणूस उठून जाऊ शकतो, हे त्यांना ठाऊक असेल. कोर्ट दुबळे ठेवून पंचायतीला दोष देणे, ही राज्याने स्वतःची जबाबदारी तांड्यावर ढकलणे आहे.