वेग आणि वर्दळ

एखाद्या महामार्गावरून ताशी किती वाहने गेली, एवढी एकच नोंद हाती घेऊन त्या मार्गाच्या प्रकृतीविषयी निर्णय देणे मला अप्रशस्त वाटते. एका मार्गिकेच्या किलोमीटरभर पट्ट्यात २० मोटारी ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने धावत असतील, तर कडेला उभ्या असलेल्या मोजणीदाराच्या वहीत ताशी २,००० चा आकडा पडतो. आणि त्याच पट्ट्यात ८० मोटारी एकमेकींना खेटून २५ च्या वेगाने सरपटत असतील, तरीही आकडा पडतो तो २,००० चाच. एका प्रवाशाला रस्ता मोकळा, दुसऱ्याचा जीव मेटाकुटीस आलेला, आणि सरकारी तक्त्यात दोघांची नोंद अक्षरशः एक!

या कूटाला गणिती रूप दिले ते ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने. ओहायोतील रस्त्याकडेला चित्रपटाचा कॅमेरा रोखून, लागोपाठच्या दोन छायाचित्रांत तीच मोटार किती पुढे सरकली यावरून त्याने वेग काढला. आणि वाहनांची दाटी वाढते तसतसा वेग सरळ रेषेत घटतो, म्हणून वेग व वर्दळ यांचा आलेख अन्वस्ताकार होतो, असे १९३५ साली प्रतिपादले. त्या अन्वस्ताचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु त्याच्या कोंडीकडील बाजूस आधार होता तो अगदी मोजक्या निरीक्षणांचा, आणि तीही साध्या दुपदरी रस्त्यावरची. पुढे महामार्गांवरील मोजणीत निराळेच आढळले: वर्दळ बरीच वाढेपर्यंत वेग फारसा ढळत नाही, आणि क्षमतेची सीमा जवळ येताच तो एकाएकी कोसळतो. शिवाय कोंडीतला आकडा हा मागणीचा नसतोच. पुढल्या अडथळ्यातून जितकी वाहने निसटू शकली, तितक्यांचाच तो हिशेब असतो, आणि त्यावरून रुंदीकरणाचा अंदाज बांधणारा अंमलदार रांगेत खोळंबलेल्यांना जमेस धरीतच नाही.

लाइटहिल व व्हिटम या ब्रिटिश गणितज्ञांनी लांब नद्यांतील पुराचे गणित मांडता मांडता १९५५ साली दाखवून दिले की, दाट गर्दीत उद्भवलेला व्यत्यय लाटेसारखा मागे मागे सरकतो. चालक जेथे ब्रेक दाबतो, तेथे त्याचे कारण सापडावयाचे नाही. लंडनभोवतीच्या एम-२५ मार्गावर १९९५ पासून गर्दीच्या वेळी वेगमर्यादा उतरविण्याची तजवीज झाली, ती याच विचाराला धरून. एरवी ताशी ७० मैलांची मुभा असलेल्या त्या रस्त्यावर ५० चा आकडा झळकला की चालकाला तो जुलूम वाटतो खरा. परंतु सर्वांचा वेग सारखा राहून ती उलटी लाट उठूच नये, यासाठी केलेला तो बंदोबस्त आहे.