साधनशुद्धी आणि बहिणीचा वाटा



हिजरी सन 2 मध्ये बद्रच्या मैदानावर सुमारे 1,000 कुरैशांसमोर मुस्लिमांची संख्या 300 हून थोडीच अधिक होती. एकेका माणसाचे मोल होते. त्या वेळी हजरत हुजैफा (रजि.) व त्यांचे वडील प्रेषितांच्या सेवेत हजर झाले. वाटेत कुरैशांनी त्यांना पकडले होते आणि लढाईत भाग न घेण्याचे वचन अल्लाहच्या नावाने घेऊनच सोडले होते. वचन शत्रूने अडवून घेतलेले होते आणि लढाई सत्याची होती. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोघांना माघारी पाठविले. दिलेला शब्द पाळावा आणि साहाय्य अल्लाहकडे मागावे, ही त्यांची शिकवण सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली आहे.

हजरत मुगीरा (रजि.) यांनी इस्लामपूर्व काळात आपल्या सोबत्यांना ठार करून त्यांचा माल घेतला होता. पुढे ते इस्लाम स्वीकारण्यास आले. प्रेषितांनी त्यांचा इस्लाम मान्य केला. त्या मालाशी मात्र आपला काही संबंध नाही, असे स्पष्ट केले. विश्वासघाताने मिळालेले धन दीनच्या कामालाही चालत नाही.

या कसोटीवर आपली घरे तपासू या. वडिलांचे निधन होते आणि काही दिवसांतच बहिणीसमोर हक्कसोडपत्र येते. ‘जमिनीचे तुकडे नकोत’, ‘तुझ्या लग्नात खर्च झालाच आहे’, ‘माहेर हवे की वाटा?’ असे शब्द कानी पडतात. ती डोळे पुसते आणि सही करते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कागद पक्का होतो. पुढे त्याच जमिनीच्या पैशांतून उमरा होतो, मशिदीला देणगीही जाते. हेतू सारे चांगले. वाट मात्र क्षुद्रपणाची.

आणि हा क्षुद्रपणा कितीशा लाभासाठी? दोन भाऊ व एक बहीण असतील, तर आईचा आठवा हिस्सा वेगळा काढल्यावर उरलेल्याचे 5 भाग होतात. त्यांतील 4 भाग भावांचेच असतात. एका भागासाठी सख्ख्या बहिणीला माहेर तुटण्याची भीती घालावी, ही मनाची केवढी गरिबी!

सूरह निसाच्या सातव्या आयतीत वारसा थोडा असो वा पुष्कळ, स्त्रियांचा हिस्सा ठरवून दिला आहे. वाटणीचे नियम सांगून झाल्यावर तेराव्या व चौदाव्या आयतींत त्यांना अल्लाहच्या मर्यादा म्हटले असून, त्या ओलांडणाऱ्यास आगीचा इशारा दिला आहे. लग्नाचा खर्च हा वारसा नव्हे. भीडेपोटी झालेली सही ही खुशी नव्हे.

भावांनो, वाटा आधी बहिणीच्या हाती द्या. त्यानंतर तिने आपल्या मर्जीने काही परत दिले, तर ते दान ठरेल. ज्यांनी पूर्वीच सही घेतली असेल, त्यांनी हयात असलेल्या बहिणीकडे जावे; ती हयात नसेल तर तिच्या वारसांकडे जावे. कागद कचेरीत वैध ठरेल, पण परलोकातील न्यायासनापुढे तिचे अश्रू साक्षीला असतील.

अल्लाह आम्हा सर्वांना हलाल ध्येय आणि हलाल मार्ग दोन्ही लाभू देवो. आमीन.