देवीचे पुरळ आणि दैव-पुरुषकाराचा प्रश्न

लहान मुलाला ताप येऊन अंगावर पुरळ उठले, तर तो रोग मानावा की देवीचे येणे, हा प्रश्न भारतीय घरांत वैद्यकाच्या आधी धर्माच्या कक्षेत उभा राहतो. सुरतेच्या उत्तरेस, तापीपलीकडे अमरोलीला लागून असलेल्या कोसाडसारख्या दाट वस्तीत तो दोन भाषांत विचारला जातो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कापडधंद्याच्या आश्रयाने सुरतेत आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी माणसे ज्यांना गोवर आणि कांजिण्या म्हणतात, त्यांनाच गुजराती शेजारी अनुक्रमे ओरी आणि अछबडा म्हणतात; मात्र नावे वेगळी असली तरी पुरळ म्हणजे माता, तिच्यापुढे औषधपाणी करू नये, घरात फोडणी देऊ नये आणि उंबऱ्याशी कडुलिंबाचा डहाळा लावावा, ही समजूत दोन्ही बाजूंच्या अनेक घरांत सारखीच आढळते.

या समजुतीमागची देवता शीतला होय. गाढवावर बसलेली, हातांत झाडू आणि पाण्याचा कलश, मस्तकावर सूप अशी तिची मूर्ती असते. गुजरातेत श्रावण वद्य षष्ठीला, म्हणजे रांधणछठीला, स्वयंपाक करून चूल शांत करतात आणि सप्तमीला ते थंड अन्न खाऊन तिची पूजा करतात. महाराष्ट्रात तिचे व्रत श्रावण शुद्ध सप्तमीला येते. तिचा मूळ संबंध मोठ्या देवीशी, म्हणजे जीव घेणाऱ्या किंवा चेहऱ्यावर कायमचे वण ठेवून जाणाऱ्या विकाराशी होता. लसीकरणामुळे तो विकार 1977 मध्ये भारतातून आणि 1980 मध्ये जगातून हटल्याचे जाहीर झाले. तरीही शीतलेची पूजा थांबली नाही. रोग गेल्यावरही जी उपासना टिकते, तिचा आधार रोगात नसून आईच्या मनातल्या भयात आणि मूल सुखरूप राहावे या इच्छेत असतो, असेच यावरून म्हणावे लागते. लस टोचल्याने देवीचा अपमान होतो ही शंका या इतिहासापुढे टिकत नाही.

मग औषध न करण्याचा दंडक इतका चिवट का, याचे उत्तर श्रद्धेपेक्षा अनुमानाच्या दोषात सापडते. न्यायशास्त्रात व्याप्ती म्हणजे दोन गोष्टींचे अव्यभिचारी साहचर्य, आणि उपाधी म्हणजे त्या साहचर्याला छुपेपणाने आधार देणारी अट. जेथे अग्नी तेथे धूर, हे विधान चुकते, कारण धूर निघण्यासाठी सरपण ओले असावे लागते. ओले सरपण ही तेथील उपाधी. 'माता आली, औषध केले नाही, मूल बरे झाले', हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खोटा नाही, परंतु त्याची उपाधी अशी की त्या मुलाला बहुधा कांजिण्या झालेल्या होत्या. एरवी निरोगी असलेल्या मुलाच्या कांजिण्या सहसा आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरतात. त्या अनुभवाचा निष्कर्ष गोवराला लावला, की तो जिवावर बेततो, कारण गोवरानंतर न्यूमोनिया, अतिसार, मेंदूचा दाह आणि कुपोषित मुलांत अंधत्व येऊ शकते.

म्हणून दोहोंतला भेद ओळखणे हा येथे विवेकाचा, म्हणजे सारासार निवडीचा, पहिला व्यवहार ठरतो. गोवरात पुरळाच्या तीन-चार दिवस आधीपासून मोठा ताप, कोरडा खोकला, वाहते नाक आणि लाल, पाणावलेले डोळे असतात. या काळात गालाच्या आतल्या बाजूस, दाढांसमोर, लाल पार्श्वभूमीवर मिठाच्या कणांएवढे पांढरट ठिपके दिसू शकतात. मग कानांमागे आणि केसांच्या कडेला सपाट, लालसर, एकमेकांत मिसळणारे चट्टे उठून चेहरा, छाती-पोट आणि हातपाय या क्रमाने उतरतात व तपकिरी डाग ठेवून विरतात. कांजिण्यांत ताप बहुधा सौम्य असतो, पुरळ तापाबरोबर किंवा एक-दोन दिवसांत मुख्यत: धड, चेहरा आणि डोक्याच्या कातडीवर येते, त्याला खूप खाज सुटते आणि लाल ठिपका, पाण्याने भरलेला फोड व सुकलेली खपली या तिन्ही अवस्था एकाच वेळी शेजारीशेजारी दिसतात. गोवराच्या चट्ट्यांत असे पाणी भरत नाही.

ही निवड परंपरेला परकी नाही. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या माधवनिदान या वैद्यकग्रंथात मसूरिकेच्या, म्हणजे देवीच्या पुरळाच्या, प्रकरणातच गोवराशी जुळणारी रोमान्तिका वेगळी सांगितली आहे: आधी ताप, मग रोमकूपांएवढा लालसर उठाव, सोबत खोकला आणि अरुची. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने भावप्रकाशात शीतलेचे स्तोत्र दिले आणि तिचे प्रकारही वर्णिले. म्हणजे देवीला नमस्कार करणाऱ्याच लेखणीने लक्षणांची वर्गवारी केली. चरकसंहितेने चिकित्सेचे तीन भेद केले: मंत्र, होम, उपवास इत्यादी दैवव्यपाश्रय, आहार-औषधांची विचारपूर्वक योजना म्हणजे युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहिताकडून वळवणारा सत्त्वावजय. त्यांत एकाने दुसऱ्याला हुसकावे असे कोठेही सुचवलेले नाही. याच संहितेच्या विमानस्थानात आयुष्य आधीच ठरलेले असते काय, या अग्निवेशाच्या प्रश्नावर आत्रेयाने दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वकर्म आणि माणसाचा प्रयत्न, यांच्या बलाबलावर ते अवलंबून असते असे उत्तर दिले. सारेच नियत असते तर उधळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला होण्याचेही कारण उरले नसते, हा त्यातला युक्तिवाद आजही खोडता येत नाही.

देवीच्या आचारातला बराच भाग, म्हणजे मुलाला वेगळे निजवणे, शांतता, स्वच्छता, थंडावा, मुळीच टाकाऊ नाही. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत तग धरू शकतो, आणि लहान खोल्यांच्या दाट वस्तीत वेगळे ठेवण्याचे मोल अधिकच असते. टाकाऊ आहे ती फक्त उपचाराची बंदी आणि आजारी मुलाचे अन्न किंवा अंगावरचे दूध तोडणे. गोवराच्या मुलाला वयानुसार 'अ' जीवनसत्त्वाच्या मात्रा सलग दोन दिवस द्याव्या लागतात, कांजिण्यांच्या मुलाला ॲस्पिरिन देता कामा नये, आणि श्वास जलद चालला, मूल पीत नसले किंवा गुंगीत गेले तर कोणताही नवस डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही. संत गाडगेबाबांनी रोग्यांना औषधोपचार देणे हा रोकडा धर्म मानला, तो याच अर्थाने. गोवर-रुबेलाची लस सरकारी केंद्रांत नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान विनामूल्य मिळते; ज्या घरात शीतलेचे व्रत आहे, त्या घराने ते जरूर पाळावे, पण या दोन्ही तारखाही त्याच काटेकोरपणे पाळाव्यात.